दात आंबेपर्यंत

रेमिहियोच्या तोंडाची चव फेब्रुवारीत गेली.
घशावर तेहतीस वेळा किरण सोडले,
गाठ विरली, जाताना जिभेवरचं सगळं घेऊन गेली.
माझ्या मिरच्यांचा रस्सा त्याला पुठ्ठा लागायचा,
संत्रं म्हणजे ओला पुठ्ठा.
डॉक्टर म्हणाली, येईल परत. बहुतेक आंबट आधी.

त्या ‘बहुतेक’वर मी कुदळ विकत घेतली.

टूसॉनच्या जमिनीत वीतभर खणलं
की चुनखडीचा पांढरा थर लागतो,
आतून कुणी कडी घालून बसल्यासारखा.
मी तीन दिवस दार ठोठावत होते.

नर्सरीवाली क्लेमेंतिना म्हणाली,
‘चव हवी, की जगणारं हवं?
जूनमध्ये पारा त्रेचाळीसला टेकतो,
दोन्ही एकाच रोपात मागू नकोस.’
मी म्हटलं, मला आंबट हवं.
तिनं चष्मा कपाळावर सरकवला.
गोड मागणारे तिच्याकडे रोज येतात.

काळ्या तुतीचं एक रोप होतं, गुडघ्याएवढं.
रस असा, म्हणाली, की आठवडाभर बोटं लपवावी लागतात.
पण फळ धरायला चारेक वर्षं.
चार.
मी ते उचललं होतं, परत जागेवर ठेवलं.

ब्लूबेरी कुंडीत लावली, पाइनच्या सुयांच्या गादीवर.
नळाचं चुन्याचं पाणी तिला सोसत नाही,
म्हणून एसीच्या नळीखाली बादली:
रात्रभर टप टप, सकाळी तिच्या ओंजळीपुरतं.
एवढे लाड मी पोटच्या पोरींचे केले नाहीत.
जूनच्या एकोणिसाव्या दिवशी पानं कडेनं करपत
मध्यापर्यंत आली. कागद जळतो तशी.

डॉर्मन रेड नावाची रासबेरी मात्र माजली.
ऊन प्यायली, कुंपण ओलांडलं,
दुसऱ्या वर्षी टपोरी, लालभडक लगडली,
आणि चव?
मी दहा खाल्ल्या. काही नाही. कापूस.
रेमिहियोला हाक मारली. दोघं पायरीवर बसून
चावत राहिलो, गाईंसारखे, गंभीर.
सव्वा वर्षात पहिल्यांदाच
आम्ही दोघं एकच वस्तू खात होतो.
तो म्हणाला, ‘तुला कशी लागते?’
मी म्हटलं, ‘तुझ्यासारखीच.’
तो इतका हसला की ठसका लागला.

उरली बॉयझनबेरी,
पूर्वेच्या भिंतीशी, दुपारनंतरच्या सावलीत.
काटे असे की माझे हात पाहून
बँकेतल्या मुलीनं विचारलं, घरी मांजर आहे का?
क्लेमेंतिनाचा हुकूम होता:
काळी झाली तरी थांब,
चकाकी उतरू दे, बोट लावताच हातात आली पाहिजे,
तेव्हा कुठे खरी चव.
सगळ्यांनी हेच सांगितलं. थांब.
लाव्हेपक्षीसुद्धा माझ्याआधी उठून
थांबायचे तारेखाली, शेंड्या डोलवत.

मी नाही थांबले.
मेच्या एका सकाळी, अर्धी लाल, अर्धी जांभळी,
देठाला चिवट धरून बसलेली एक
मी ओढून काढली आणि
दाढी करता करता त्याच्या तोंडात घातली.

आधी त्याचा डावा डोळा मिटला.
मग खांदा वर गेला.
गालावरचा फेस थरथरला,
जीभ दातांवरून फिरली, मागे, पुढे,
हरवलेली किल्ली खिशात चाचपावी तशी.

‘कच्ची आहे,’ तो म्हणाला.
‘दात आंबले माझे. तुला काही कळतं का,
आणखी दोन दिवस ठेवायची होतीस.’

आणि वस्तरा तसाच हातात घेऊन
अर्ध्या दाढीनं, अनवाणी,
भिंतीकडे निघाला, माझी चूक मोजायला.

मी ओरडले, चपला घाल, फरशी तापली असेल.
ऐकतो कसला.
खिडकीतून दिसत होता: एकेक फळ
अंगठ्यानं दाबून पाहत, पुटपुटत.

कुदळ कुठे ठेवली होती ते आठवत
मी मागच्या दारी गेले.
तुतीला खड्डा तीन फूट लागतो म्हणे.